डोळा लागणे म्हणजे समाधी नव्हे

वर्षावास सुरू आहे. दिवसभर कपाशी-सोयाबीनच्या शेतात राबून जालना जिल्ह्यातला उपासक संध्याकाळी विहारात ध्यानाला बसतो. अर्ध्या तासाने म्हणतो, "मन इतकं शांत झालं, की काहीच आठवत नाही." ही समाधी की झोप?

पतंजलींच्या योगसूत्रात निद्रा ही चित्ताच्या पाच वृत्तींपैकी एक आहे आणि योग म्हणजे वृत्तींचा निरोध. म्हणजे गाढ झोपेलाही तिथे समाधी मानलेले नाही. बौद्ध परंपरेत थीनमिद्ध, म्हणजे सुस्ती व पेंग, हे पाच नीवरणांपैकी एक. नीवरणे दूर झाल्यावरच पहिले ध्यान लाभते.

खूण सोपी आहे. पेंगेत मान कलते, श्वासाचे भान सुटते. एकाग्रतेत ते भान अधिक स्पष्ट होते.

यात लाज वाटण्यासारखे काही नाही. अर्हत होण्यापूर्वी महामोग्गल्लानही ध्यानात पेंगत होते. अंगुत्तर निकायात तथागत त्यांना उपाय सांगतात: धम्माचे पठण करा, कानाच्या पाळ्या ओढा, डोळ्यांवर पाणी मारा, तारे पाहा, चंक्रमण करा. तरीही पेंग गेली नाही, तर स्मृती ठेवून उजव्या कुशीवर झोपा.

थकलेल्या देहाला झोप द्यावी. तिला समाधी मात्र म्हणू नये, नाहीतर साधना तिथेच थांबते.