सर्व्हर सुरू होत नाही? आधी लॉग वाचा

रुग्णालयातील संगणकावर डेटाबेस सर्व्हरची नवी आवृत्ती टाकली. ‘इन्स्टॉलेशन पूर्ण’ असा संदेशही आला. पण सर्व्हर काही सुरू होईना. बाहेर केसपेपरसाठी रांग लागलेली. अशा वेळी पहिला विचार येतो तो सगळे काढून पुन्हा टाकण्याचा. त्याने बहुधा काही साधत नाही. प्रोग्रॅम काढला तरी माहितीचे फोल्डर सहसा मागे राहते आणि अडचण तिथेच असू शकते. घाईत ते फोल्डरही पुसले, तर रुग्णांच्या नोंदीच जातात.

जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘पोस्टग्रेस्क्यूएल’चे उदाहरण घेऊ. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९८६ साली सुरू झालेल्या प्रकल्पातून हा सर्व्हर घडला. तो सुरू होण्यास नकार देतो, तेव्हा अनेकदा माहितीचे रक्षणच करत असतो. माहितीचे फोल्डर संगणकावरील इतरांनाही खुले असेल, तर तो चालत नाही. लिनक्सवर ‘रूट’ म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्यातून चालवू पाहिले, तरी तो नकार देतो. फोल्डर जुन्या मुख्य आवृत्तीने तयार केलेले असेल, तर नवी आवृत्ती त्याला हात लावत नाही. जुनी माहिती नव्या आवृत्तीत नेण्यासाठी ‘पीजी-अपग्रेड’ हे वेगळे साधन आहे. कधी कारण साधेच असते : ५४३२ हा त्याचा नेहमीचा पोर्ट आधीच्या सर्व्हरने अडवलेला असतो किंवा डिस्क भरलेली असते.

यातले नेमके कारण कोणते, हे सर्व्हर स्वतःच लिहून ठेवतो. त्या नोंदींना ‘लॉग’ म्हणतात. पडद्यावर नुसते ‘सुरू होऊ शकले नाही’ एवढेच दिसते; लॉगच्या शेवटच्या काही ओळींत मात्र कारण सापडते.

एक खबरदारी महत्त्वाची. ‘पोस्टमास्टर डॉट पीआयडी’ ही फाइल आड येते म्हणून ती पुसण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. आधीचा सर्व्हर खरोखर चालू असताना ती पुसली, तर दोन सर्व्हर एकाच माहितीवर लिहू लागतील आणि ती बिघडेल. म्हणून काहीही पुसण्यापूर्वी सर्व्हर पूर्ण बंद असल्याची खात्री करावी, माहितीच्या फोल्डरची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि मगच दुरुस्तीला लागावे. प्रोग्रॅम पुन्हा टाकता येतो. रुग्णाला कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, ही पुसलेली नोंद परत मिळेलच असे नाही.