व्याकरण बोलते कुठवर?

मुंबईत 1832 साली हिब्रू भाषेचे एक व्याकरण मराठीत छापले गेले. लिहिणारे स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन, वाचक कोकणातले बेने इस्राएल. धर्मग्रंथ मुळातून वाचला की हे ज्यू ख्रिस्ताकडे वळतील, अशी मिशनऱ्यांची आशा होती. समाज हिब्रू शिकला आणि ज्यूच राहिला. पुढे जोसेफ एझेकिएल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. व्याकरण कळले की धर्माचे वाद मिटतात, हा समज तिथेच खोटा ठरला होता.

हिब्रू व्याकरणावर उभारलेला सर्वांत हट्टी गैरसमज ‘एलोहीम’चा. देवासाठीच्या या शब्दाला ‘ईम’ हा अनेकवचनी प्रत्यय आहे. त्यावरून कोणी अनेक देव सिद्ध करतो, कोणी ख्रिस्ती त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा). पण बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या पहिल्याच वाक्यात या कर्त्याचे क्रियापद एकवचनी आहे. मराठीत ‘गुरुजी आले’ म्हणताना क्रियापदही आदराने अनेकवचनी होते; हिब्रूत थोरवी नामाच्या रूपात मावते, क्रियापद सहसा एकाचेच राहते. पलिष्ट्यांच्या दागोन या एकट्या दैवतालाही ‘शास्ते’त एलोहीमच म्हटले आहे, आणि दागोनात त्रैक्य कोणी शोधत नाही. उलट दहा आज्ञांत ‘अन्य देव’ असा अर्थ हवा तेव्हा याच शब्दाला अनेकवचनी विशेषण जोडले आहे. निवाडा प्रत्ययावरून नव्हे, सबंध वाक्यावरून करावा लागतो.

‘रूआख’ म्हणजे आत्मा बहुधा स्त्रीलिंगी, म्हणून पवित्र आत्मा स्त्री, हाही असाच घाईचा निष्कर्ष. ग्रीकमध्ये त्यासाठीचा शब्द नपुंसकलिंगी आहे, मराठीत पुल्लिंगी.

मात्र व्याकरण बिनमहत्त्वाचे, हे टोकही चूक. ‘निर्गम’च्या तिसऱ्या अध्यायात मोशे देवाला नाव विचारतो, तेव्हा उत्तरात ‘एहये’ हे क्रियापद येते. त्याचे रूप अपूर्ण क्रियेचे. ‘आहे’ की ‘असेन’ हे संदर्भाने ठरते. प्राचीन ग्रीक भाषांतरकारांनी ‘असणारा’ असा अर्थ घेतला, आणि ख्रिस्ती तत्त्वज्ञानाला नित्य अस्तित्व असलेला देव मिळाला. अकराव्या शतकातल्या राशी या ज्यू भाष्यकाराला त्यात संकटात सोबत राहण्याचे आश्वासन दिसले. दोनच वचने आधी ‘एहये’ हेच रूप ‘तुझ्याबरोबर असेन’ या अर्थाने आले आहे. तेव्हा राशीची बाजू अधिक भक्कम वाटते.

पुणे जिल्ह्यातल्या केडगावात पंडिता रमाबाईंनी उतारवयात सगळे बायबल हिब्रू-ग्रीकवरून मराठीत आणले, ते या भाषा स्वतः शिकून. एवढे कष्ट प्रत्येकाला जमणार नाहीत; पण ‘मूळ हिब्रूत असेच आहे’ असे कोणी ठासून सांगितले, तर वाचकाने आधी त्या वाक्याचे क्रियापद विचारावे.