‘डर्टी काऊ’ची डागडुजी

लिनक्सच्या कर्नलमध्ये स्मृतीतले एकच पान अनेक प्रोग्राम वाचतात. कुणी लिहू लागला की त्याला वेगळी प्रत मिळते. ही काटकसर मला फार आवडते. पण २०१६ साली उघड झालेला ‘डर्टी काऊ’ हा दोष तिच्यातलाच. प्रत झाली, आता धोका नाही, असे समजून कर्नल ‘लिहायचे आहे’ ही खूणच पुसून टाकी. तेवढ्या क्षणात ती प्रत टाकून दिली, तर लेखन थेट मूळ पानावर! वाचण्यापुरती मुभा असलेला माणूस अशाने यंत्राचा मालक होई. लिनस टॉरवाल्ड्स यांनी त्याच्या अकरा वर्षे आधी केलेली दुरुस्ती एका वेगळ्या जातीच्या यंत्रावर अडल्यामुळे मागे घेतली गेली होती. २०१६ची दुरुस्ती मोजक्या ओळींची होती: खूण पुसायची नाही, ‘प्रत झाली’ अशी दुसरी खूण करायची आणि लिहिण्यापूर्वी ती प्रत अजून जागेवर आहे ना, हे तपासायचे.