जान्हवी श्रीला विसरली कशी?

लालबाग, परळ, गिरगावच्या चाळींत मालिका एका घरापुरती राहत नाही. भाग संपला की गॅलरीत त्याची चिरफाड सुरू होते. झी मराठीवर २०१३ ते २०१६ या काळात चाललेल्या ‘होणार सून मी ह्या घरची’ने अशा वादांना भरपूर खाद्य पुरवलं. जान्हवीचं गरोदरपण संपता संपेना, तेव्हा विनोदांना ऊत आला. अपघातानंतर तिची स्मृती गेली आणि ती नवऱ्याला, श्रीला ओळखेना, तेव्हाही प्रेक्षकांनी विचारलंच : बाकी सगळं ठीक आणि नेमका नवराच कसा विसरला?

हा प्रश्न वैद्यकीयदृष्ट्याही रास्त आहे. लंडनच्या मेंदू-मानसतज्ज्ञ सॅली बॅक्सेंडेल यांनी २००४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये चित्रपटांतल्या विस्मृतीचा आढावा घेतला. पडद्यावरची विस्मृती खऱ्या रुग्णांशी क्वचितच जुळते, असं त्यांना आढळलं. पडद्यावरचा माणूस आपलं नाव, घर, लग्न विसरतो. पण नव्या गोष्टी मात्र व्यवस्थित लक्षात ठेवतो. प्रत्यक्षात बहुधा उलट घडतं. त्यामानाने ‘फाइंडिंग नेमो’मधली क्षणाक्षणाला विसरणारी डोरी मासळी वास्तवाच्या जास्त जवळ आहे!

याचं कारण आठवण तयार होण्याच्या पद्धतीत आहे. ताजी आठवण लगेच पक्की होत नाही. ती पक्की करण्यात कानशिलाच्या आत खोलवर असलेल्या ‘हिप्पोकॅम्पस’ या भागाचा मोठा वाटा असतो. डोक्याला मार बसला की हे काम विस्कटतं. म्हणून रुग्णाला अपघाताआधीचा थोडा काळ आठवत नाही आणि नंतरचं काही टिकत नाही. ‘काय झालं? मी इथे कसा?’ असं तो पुन्हा पुन्हा विचारतो. बालपण, लग्न, मुलांची नावं सहसा शाबूत राहतात. मार जबर असेल तर मागची काही वर्षंही पुसली जाऊ शकतात, पण तेव्हाही अलीकडचं आधी जातं. स्वतःची ओळखच विसरण्याचा प्रकार दुर्मीळ असतो आणि तो बहुधा मानसिक आघाताशी जोडलेला असतो. डोक्यावर दुसरा फटका बसला की सगळं आठवतं, हे तर केवळ पडद्यावरचं. प्रत्यक्षात दुसरा मार आणखी घातक ठरू शकतो.

हे सगळं आपल्या घरालाही लागू होतं. आजी जिन्यावरून किंवा ओल्या मोरीत घसरते, डोकं आपटतं. ती उठून बसते, सगळ्यांना नावानं हाक मारते आणि घरचे निर्धास्त होतात : ‘ओळखतेय ना, मग काही नाही.’ पण माणसं ओळखली म्हणजे धोका टळला, असं नाही. पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, झटका, असंबद्ध बोलणं, हातापायात अशक्तपणा, नाकाकानातून पाण्यासारखा स्राव, यांपैकी काहीही दिसलं तर परळच्या केईएमसारख्या मोठ्या रुग्णालयात तातडीने न्यावं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर लक्षणांची वाट पाहू नये.

ज्येष्ठांमध्ये मेंदूवरच्या आवरणाखाली रक्त हळूहळू साठू शकतं. मग काही आठवड्यांनी विसराळूपणा, सुस्ती, चालताना तोल जाणं सुरू होतं आणि ‘वय झालं’ म्हणून ते सोडून दिलं जातं. सीटी स्कॅनमध्ये हे रक्त दिसतं. ते वेळेवर काढलं तर अनेकांची स्मृती आणि चाल सुधारते. म्हणून डॉक्टरांना आताच्या तक्रारींबरोबर महिना-दोन महिन्यांपूर्वीचं किरकोळ वाटलेलं पडणंही आवर्जून सांगावं.

मालिकेतल्या चुकीवर गॅलरीत जो प्रश्न बिनधास्त विचारला जातो, तोच आजी अचानक विसरू लागली तर घरातही विचारायला हवा : हे असं एकदम कसं झालं?