अश्वशक्ती विचारलीत, वजन विचारलंत का?

वसईच्या पश्चिमेला, म्हणजे निर्मळ, भुईगाव, नंदाखाल, आगाशीकडे शेती म्हणजे वाडी. केळी, पानवेल, मोगरा, सोनचाफा, मधे भाजीचे वाफे आणि कडेला बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं तळं. माती भुसभुशीत, वाळूमिश्रित. रेल्वेमार्ग आणि महामार्ग ओलांडून पारोळ, भाताणे, मेढे, उसगावच्या बाजूला गेलं की शेती म्हणजे भाताचं खाचर. तिथली माती चिकण. पावसात लोण्यासारखी, आणि दिवाळीनंतर भेगाळून दगड झालेली. तालुका एकच, पण दोन टोकांच्या जमिनींचे स्वभाव जुळत नाहीत. तरी दोन्हीकडचा शेतकरी लहान ट्रॅक्टर घ्यायला निघाला की दुकानात पहिला प्रश्न एकच विचारतो, ‘किती एचपीचा आहे?’

यात त्याची चूक नाही. एचपीचा आकडा बॉनेटवर रंगवलेला असतो आणि मॉडेलच्या नावातही बऱ्याचदा तोच डोकावतो. वजन मात्र माहितीपत्रकाच्या मागच्या पानावर, टायरच्या मापाखाली बारीक अक्षरात सापडतं. वसईसारख्या ठिकाणी ट्रॅक्टर कामाला येणार की गोठ्यात उभा राहणार, हे बहुतेक वेळा त्या बारीक अक्षरावर ठरतं.

बाजारात आज लहान ट्रॅक्टर म्हणून जे मिळतं, त्यात वजनाचा फरक किती आहे बघा. स्वराजचा ‘कोड’ सुमारे ११ अश्वशक्तीचा, पेट्रोलवर चालणारा, वजन साधारण ४५५ किलो. व्हीएसटी शक्तीचा १८ अश्वशक्तीच्या आसपासचा एमटी १८० डी सव्वासहाशे-साडेसहाशे किलोचा. कुबोटाचा २४ अश्वशक्तीचा निओस्टार बी २४४१ तेवढ्याच वजनात बसतो. महिंद्राचा युवराज २१५ मात्र १५ अश्वशक्तीचा असूनही ७८० किलोचा आणि स्वराज ७१७ त्याहून थोडा जड, साडेआठशेच्या घरात. जॉन डिअरचा २८ अश्वशक्तीचा ३०२८ ईएन एक टन ओलांडतो. आणि नेहमीचा मोठा, चाळीस-पंचेचाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर दोन टनांच्या जवळ जातो. मॉडेलागणिक हे आकडे थोडे इकडेतिकडे होतात. पण २४ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर १५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरपेक्षा दीडशे किलोनं हलका निघू शकतो, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

वजनाला एवढं महत्त्व का, ते नांगराच्या हिशेबातून चटकन कळतं. एका फाळाचा लोखंडी नांगर घ्या. तास २५ सेंटिमीटर रुंद, १५ सेंटिमीटर खोल. म्हणजे नांगर एका वेळी ३७५ चौरस सेंटिमीटर मातीचा काप उलटतो. कृषी अभियांत्रिकीच्या पुस्तकांत मातीच्या विरोधाचे ढोबळ आकडे दिलेले असतात. वाळूमिश्रित पोयट्याला दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.३ किलो, भारी चिकण मातीला ०.७ ते ०.८ किलो. गुणाकार केला की भुईगावच्या वाडीत तो नांगर ओढायला सव्वाशे किलोच्या आत ओढ लागते. तोच नांगर, तेवढीच खोली, पण पारोळकडच्या वाळलेल्या खाचरात तीनशे किलोपर्यंत.

आता ट्रॅक्टरकडे काय आहे? एक अश्वशक्ती म्हणजे ७५ किलोची ओढ सेकंदाला एक मीटर. पंधरा अश्वशक्तीच्या इंजिनाची चाकापर्यंत दहा पोचली असं धरलं, तर ताशी चार किलोमीटरच्या नांगरटीच्या वेगाला साडेसहाशे किलोहून जास्त ओढ हिशेबात निघते. म्हणजे इंजिनाला तीनशे किलोचा नांगर काहीच नाही. पण ही ओढ जमिनीत उतरते ती टायरमधून, आणि टायरची पकड त्याच्यावरच्या वजनावरच ठरते. दोनचाकी ओढीच्या ट्रॅक्टरचं साठ टक्क्यांच्या आसपास वजन मागच्या चाकांवर असतं. ७८० किलोतले साधारण पावणेपाचशे. शेताच्या मातीत त्याच्या निम्म्याएवढी ओढ मिळाली तरी पुष्कळ. नांगर खाली खेचतो तेव्हा मागचं वजन थोडं वाढतं, ते धरून अडीचशे-पावणेतीनशे. वाडीत हे भरपूर झालं. वाळलेल्या खाचरात मात्र इंजिन गुरगुरत राहतं, चाक जागच्या जागी फिरतं, आणि मालक शेजाऱ्याला सांगतो की एचपी कमी पडली. कमी पडलं वजन. त्या जागी २४ अश्वशक्तीचा पण साडेसहाशे किलोचा ट्रॅक्टर आणला तर चारही चाकांना ओढ असल्यामुळे सगळं वजन कामाला येईल, तरीही तो तीनशेच्या आसपासच अडखळेल. जादाचे पैसे मोजून घेतलेली अश्वशक्ती चाक फिरवण्यात जाईल आणि डिझेल तिच्याबरोबर.

चाक किती घसरतंय हे मोजायला यंत्र लागत नाही. मागच्या टायरला खडूनं रेघ मारायची. नांगर उचलून चाकाच्या दहा फेऱ्यांत ट्रॅक्टर किती पुढे गेला ते पावलांनी किंवा टेपनं मोजायचं. मग नांगर लावून पुन्हा दहा फेऱ्या. आधी तीस मीटर आणि नंतर साडेपंचवीस आले, तर घसरण पंधरा टक्के. इथपर्यंत ठीक. त्याच्या पुढे गेलं की टायर झिजतो आणि जमीनही घोटली जाते. जुना ट्रॅक्टर घेणाऱ्यानं तर ही परीक्षा घेतल्याशिवाय इसार देऊच नये.

रोटाव्हेटरची गोष्ट वेगळी. तिथं ताकद चाकातून जात नाही, पीटीओच्या दांड्यातून थेट पात्यांत जाते, आणि फिरणारी पाती उलट ट्रॅक्टरला पुढे ढकलतात. त्यामुळे रोटाव्हेटरला हलका पण ताकदवान ट्रॅक्टर चालतो, आवडतोही. वाडीत वाफे करणं, हिरवळीचं खत गाडणं, केळीचे जुने बुंधे कापून मातीत मिसळणं ही कामं बहुतेक रोटाव्हेटरची. तिथं अश्वशक्तीचा प्रश्न रास्त आहे, फक्त दुसरा म्हणून.

खरा पेच पावसाळ्यात, चिखलणीला. वसईत पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आणि आवणीच्या आधी खाचरात पाणी तुंबवून माती कालवावी लागते. नांगरटीत जे वजन हवंहवंसं वाटतं तेच इथं अंगाशी येतं. वर्षानुवर्षांच्या चिखलणीनं खाचराच्या तळाशी एक कडक थर धरलेला असतो. पाणी झिरपू न देणारा तो थरच भाताला पोसतो आणि ट्रॅक्टरला तोलतो. तो वर असेल तर जड ट्रॅक्टरही लोखंडी चाकं लावून निभावतो. खोल असेल तर रुततो, आणि बाहेर ओढायला आलेला दुसराही कधी कधी त्याच्या शेजारी जाऊन बसतो. जड ट्रॅक्टर दोन-तीन पावसाळे एकाच खाचरात घातला की तो थर जागोजागी फुटतो, मग पाणी टिकत नाही. हा तोटा हळू कळतो आणि भरून काढायला त्याहून हळू.

म्हणून जुलैत, पाणी भरलेल्या खाचरात एक कामठी घेऊन उतरावं. आठ-दहा ठिकाणी, विशेषतः बांधाच्या कोपऱ्यांत आणि पाणी बाहेर पडतं त्या तोंडाशी ती दाबून बघावी. वीतभर खाली टणक लागलं तर आठशे-नऊशे किलोचा ट्रॅक्टर बिनघोर घाला. हातभर खाली गेली तर सहाशेच्या वरचं काही बघू नका, आणि लोखंडी चाकांशिवाय तर नाहीच. गुडघ्याच्या वर चिखल असेल, वैतरणा-तानसाच्या खाडीकाठच्या खारजमिनीत तो असतोच, तर ट्रॅक्टरचा विचार सोडून पॉवर टिलर घ्यावा. चारशे किलोच्या आसपासचं यंत्र, माणूस मागून चालणारा, दमवणारं खरं, पण रुतलं तर चार गडी उचलून काढतात. कोकणात पॉवर टिलर टिकून राहिला तो उगीच नाही.

हलका ट्रॅक्टर मुळात भाताच्या खाचरासाठीच घडला, हे आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधले तुकड्या-तुकड्यांचे भातशेतमालक बैल सोडून यंत्राकडे वळले. तिथल्या कारखान्यांनी आधी पॉवर टिलर आणि मग १९६० च्या सुमारापासून छोटे चारचाकी ट्रॅक्टर बनवले. बंगळूरच्या व्हीएसटीचा जन्म १९६७ चा, मित्सुबिशीच्या सहकार्यानं. महिंद्रानं २०१५ मध्ये मित्सुबिशीच्या कृषियंत्र कंपनीत तेहतीस टक्के भांडवल घेतलं, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये आलेली ‘ओजा’ ही हलक्या ट्रॅक्टरांची मालिका त्याच जपानी सोयरिकीतून निघाली. तिकडे राजकोटच्या आसपास तयार झालेला लहान ट्रॅक्टर कपाशी-भुईमुगाच्या ओळींत बैलजोडीच्या जागी चालावा म्हणून आला. तिथली जमीन कोरडी, म्हणून बांधाही थोडा जड. दुकानात दोन्ही घराणी शेजारी-शेजारी, सारख्याच रंगात उभी असतात. कुठला ट्रॅक्टर कुठल्या मातीतून आला हे माहीत असलं तर निम्मी निवड तिथंच होते.

पश्चिमेच्या वाडीत रुतण्याची भीती नाही, अडचण वाट मिळण्याची. दोन घरांच्या भिंतींमधली आळी, मग गडगा, मग पाट ओलांडून आत. बसराई केळीची शिफारस दीड मीटर बाय दीड मीटरची, त्यातून पानांचा पसारा वजा केला तर तीन फुटांच्या वरचं यंत्र आत फिरत नाही. ‘कोड’सारखी ८९० मिलिमीटर रुंदीची यंत्रं अशा जागांसाठीच काढली आहेत. इथं हलकेपणाचा आणखी एक फायदा आहे. ओल्या वाळूमिश्रित मातीवर जड चाक फिरलं की ती दिसायला भुसभुशीत राहते, पण खाली घट्ट बसते. वरच्या थराचं दबणं टायरमधल्या हवेवर अवलंबून असतं, त्यामुळे हवा कमी करून तिथं थोडं सांभाळता येतं. खोल थराचं दबणं मात्र आसावर एकूण किती वजन आहे त्यावर ठरतं आणि त्याला रुंद टायर हा उतारा नाही. केळीची बहुतेक मुळं वरच्या फूट-दीड फुटात. ती कोंडली की पुढच्या वर्षी घड लहान का आला याचं खापर खतावर फुटतं. तरीही खरं सांगायचं तर दहा-वीस गुंठ्यांच्या वाडीला ट्रॅक्टर हवाच असं नाही. पॉवर वीडर आणि एक चांगला गडी पुरतो. ट्रॅक्टर दारात शोभून दिसतो, हे मात्र नाकारता येत नाही.

शोभेचा मोह पुढे ट्रॉलीपर्यंत जातो. वसई-विरारमध्ये बांधकाम एवढं, की शेतासाठी घेतलेला ट्रॅक्टर वर्षातले निम्मे दिवस रस्त्यावर विटा-माती ओढताना दिसतो. सपाट रस्त्यावर हलका ट्रॅक्टरही भरलेली ट्रॉली सहज ओढतो, फसगत होते ती थांबताना. उतारावर ब्रेक दाबला की दोन टनांची ट्रॉली सहाशे किलोच्या ट्रॅक्टरला मागून ढकलते आणि आडवा करते. चढावर उलट होतं, नाक उचललं जातं. एक गमतीचा आकडा सांगतो. बी २४४१ ची हायड्रॉलिक उचल कागदावर ७५० किलो आहे, म्हणजे स्वतःच्या वजनापेक्षा जास्त. उचल बरोबर आहे, पण पुढे वजन न बांधता तेवढं खरोखर उचलायला गेलात तर अवजार जमिनीवरच राहील आणि पुढची चाकं वर येतील. ट्रॉलीचाच धंदा करायचा असेल तर सरळ टनाच्या वरचा घ्यावा आणि शेतीचं नाव पुढे करू नये. तोलाचंच आणखी एक: शेतात बांध उतरताना कधीही तिरकं नाही, सरळ.

अनुदानाचं थोडक्यात. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत महाडीबीटीवरून अर्ज होतो, साधारणपणे अल्पभूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना किमतीच्या ५० टक्के आणि इतरांना ४० टक्के, ठरलेल्या कमाल रकमेपर्यंत. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या बचत गटांसाठी समाजकल्याण विभागाची ९ ते १८ अश्वशक्तीच्या मिनी ट्रॅक्टरची योजना आहे, त्यात ९० टक्के, कमाल ३ लाख १५ हजार. सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटीही १२ वरून ५ टक्क्यांवर आला. बघा, योजनांतही अश्वशक्तीच मोजली जाते, वजन नाही. म्हणून अठराच्या मर्यादेत जो मिळेल तो उचलू नये, त्या मर्यादेतही हलका-जड असे दोन्ही मिळतात.

पूर्वेच्या शेतकऱ्यानं काय करावं? वर्षातून एकदा वाळलेल्या जमिनीची नांगरट आणि महिनाभराची चिखलणी, यांच्या मागण्या एकमेकींच्या विरुद्ध. राज्यात सरासरी धारणक्षेत्र २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार १.३४ हेक्टर. एवढ्या जमिनीला दोन ट्रॅक्टर परवडत नाहीत. माझ्या मते घरचा ट्रॅक्टर चिखलाच्या मापाचा, म्हणजे हलका आणि चारचाकी ओढीचा घ्यावा, आणि नांगरटीला गावातला मोठा तासाच्या भाड्यानं बोलवावा. भात निघाल्यावर वाल टाकायचा असेल तर जमिनीत ओल असतानाच घरच्या ट्रॅक्टरनं हात मारून घ्यावा. आठ दिवस उशीर केला तर मोठ्याशिवाय गत्यंतर नाही.

शिवाय वजन वाढवता येतं, कमी करता येत नाही. मागच्या चाकांना बिडाची वजनं बसतात, पुढच्या बंपरला पट्ट्या लागतात. सगळ्यात स्वस्त म्हणजे टायरमधलं पाणी. व्हॉल्व्ह वरच्या अंगाला आणून पाऊण टायर भरायचा. लहान मापाच्या टायरात साधारण चाळीस ते साठ लिटर मावतं, म्हणजे दोन चाकांवर शंभर किलोच्या आसपास. थंड देशात ते गोठू नये म्हणून मीठ घालावं लागतं, इथं तो त्रास नाही. पाणी मात्र विहिरीचं गोडं, खाडीचं नको, रिम खाऊन टाकतं. आवणीच्या आधी काढायला विसरू नये. बिडाची वजनं किती लावता येतात, ती लावल्यावर आणि काढल्यावर ओढ किती मिळते, हे मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेच्या चाचणी अहवालात मॉडेलवार छापलेलं असतं. विक्रेत्याकडे तो मागायचा. ‘कशाला, एचपी बघा ना’ असं उत्तर आलं तर दुसरं दुकान बघायला हरकत नाही.