मोतीबिंदूबरोबर काचबिंदूही असेल तर?

'दोन्ही बिंदू एकदाच काढून टाका,' अशी मागणी अनेक घरांतून होते. तिच्या मुळाशीच मोठा गैरसमज आहे, कारण काचबिंदू काढता येत नाही. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते. ते काढून कृत्रिम भिंग बसवले की पुन्हा दिसू लागते. काचबिंदूत डोळ्यातल्या द्रवाचा निचरा अडतो, बहुतेकदा दाब वाढतो आणि दृष्टीची नस हळूहळू सुकते. सुकलेली नस कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही. उरलेली राखता येते, एवढेच. नस आधीच सुकलेली असेल तर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया उत्तम होऊनही अंधुक दिसते आणि 'ऑपरेशन बिघडलं' असा ठपका डॉक्टरवर येतो. म्हणून नसेची आणि दाबाची तपासणी आधी व्हायला हवी. मोतीबिंदू 'पिकू द्यावा' हेही घातकच, कारण फार पिकलेला मोतीबिंदू स्वतःच डोळ्याचा दाब एकाएकी वाढवू शकतो.

मग नुसता मोतीबिंदू काढून भागते का? काहींचे भागते. बुबुळ आणि पारपटल यांच्यामधला निचऱ्याचा कोन अरुंद असेल, तर फुगलेले भिंग काढताच जागा मोकळी होते. 'ईगल' या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा कोनाचे ४१९ रुग्ण होते आणि त्यांना मोतीबिंदू नव्हता. तरीही तीन वर्षांनी लेझर उपचारापेक्षा भिंग काढणे सरस ठरले. भारतात अरुंद कोनाचा हा प्रकार दुर्मीळ नाही: २०१० च्या एका अंदाजानुसार चाळिशीपुढच्या १.१२ कोटी काचबिंदूग्रस्तांपैकी सुमारे २५ लाखांना तो होता. कोन उघडा असेल तर मात्र भिंग काढून दाब थोडाच उतरतो. नस बरीच सुकलेल्या रुग्णाला तेवढे पुरत नाही.

अशा रुग्णासाठी मोतीबिंदूबरोबर ट्रॅबेक्युलेक्टॉमी करतात. १९६८ पासून रूढ झालेल्या या शस्त्रक्रियेत वरच्या पापणीखाली निचऱ्याची नवी वाट करतात. दाब चांगला उतरतो, पण पहिले काही आठवडे पुन्हा पुन्हा तपासणी लागते: टाके सैल करायचे, वाट बुजत नाही ना पाहायचे. इथे आक्षेप येतो, की गगनबावड्याच्या माणसाला ५० किलोमीटरहून दूर कोल्हापूरला खेपा परवडत नाहीत, म्हणून सगळे एकाच वेळी उरकलेले बरे. खेपांची अडचण खरी आहे, दाब उतरवणारे थेंब रोज डोळ्यात घालणे अवघड जाते हेही खरे. पण सर्वाधिक खेपा याच शस्त्रक्रियेला लागतात, आणि पावसाळ्यात वाटेतल्या मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आले की वाट बंद. म्हणून दाब तातडीने उतरवायचा नसेल, तर ही शस्त्रक्रिया पावसाळा आणि भातकापणी उरकल्यावर ठरवावी. नस धोक्यात असेल तर मात्र हंगाम पाहू नये, कोल्हापुरात नातेवाइकांकडे राहण्याची सोय करावी.

आजार सौम्य किंवा मध्यम असेल आणि कोन उघडा असेल, तर मोतीबिंदू काढतानाच निचऱ्याच्या मार्गात सूक्ष्म स्टेंट बसवता येतो. जखम लहान, खेपा कमी. 'होरायझन' चाचणीत पाच वर्षांनी स्टेंट बसवलेल्यांपैकी ६६ टक्के रुग्ण थेंबांशिवाय होते. फक्त मोतीबिंदू काढलेल्यांत ४६ टक्के. फरक आहे, पण स्टेंटसाठी कर्ज काढावे इतका तो मोठा वाटत नाही. नस फार सुकलेली असेल तर स्टेंटवर विसंबूच नये.

'शस्त्रक्रियेनंतर थेंब आणि तपासणी संपली' हा समजही तितकाच धोक्याचा. नंतरच्या स्टेरॉइड थेंबांनी काहींचा दाब वाढतो, म्हणून ते मनाने चालू ठेवू नयेत. ट्रॅबेक्युलेक्टॉमी झालेल्याने चिखलणीत, लावणीत गढूळ पाणी डोळ्यात जाऊ देऊ नये. जंतुसंसर्गाचा धोका कित्येक वर्षांनीही असतो. डोळा लाल झाला, दुखला, चिपडे आली, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावे, दहा वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झालेली असली तरी.