पाच दिवसांची रजा

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी अंथरुणाला खिळलेले एखादे माणूस असेल. अशा घरात दिवस मोजला जातो तो आजाऱ्याच्या कुशीवर. दर दोन तासांनी कूस बदलावयाची, पाठीला शय्याव्रण पडले नाही ना ते पाहावयाचे, पेज भरवावयाची, भरविल्यावर अर्धा तास टेकून बसती ठेवावयाची, आणि रात्री दिव्याच्या उजेडात पुन्हा कूस बदलीत राहावयाचे. आमच्या आईला २०१७ साली अर्धांगवायूचा झटका आला. उजवे अंग गेले आणि वाचाही बहुतांशी गेली. तेव्हापासून हे काम आमच्याकडे आले. (येथे 'आम्ही' म्हणजे प्रस्तुत लेखक, एकटाच, शाळेतून निवृत्त झालेला आणि घरात दुसरे माणूस नसलेला.) पुढील पाच वर्षांत आम्ही एकही रात्र घराबाहेर काढली नाही. हे लोकांना सांगताना आम्हांला थोडा अभिमान वाटत असे. तो पुढे कसा उतरला, ते यथाक्रम येईलच.

२०२२ सालच्या पावसाळ्यात एके रात्री आमच्या हातून पेजेची वाटी खाली गेली. ती पडली नव्हती. आम्ही ती आपटली होती. आईने तोंडातला घास बाहेर टाकला, एवढेच निमित्त. ती काही बोलली नाही, बोलू शकतही नव्हती; पण तिने डोळे मिटून घेतले, आणि फरशी पुसून होईपर्यंत ते उघडले नाहीत.

त्या शनिवारी आम्ही कुमसारास गेलो. प्रायश्चित्त म्हणून जपमाळेचे दोनचार जप मिळतील अशी आमची अपेक्षा होती. फादरांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "तुमची बहीण कुठे असते?" आम्ही म्हणालो, बडोद्याला. "तिला नोव्हेंबरअखेर बोलवा आणि सायबाच्या सणाला पायी जुन्या गोव्याला जा." आम्ही आईची अडचण पुढे केली. त्यावर ते म्हणाले, "आईचीच अडचण सांगता आहात ना? मग तिलाच विचारा."

विचारले. उत्तर यावयास बराच वेळ लागला. डाव्या हाताची बोटे चादरीवर हलत राहिली आणि अखेर एकच शब्द आला, "जा." ती स्वतः १९६४ सालच्या शवदर्शनाला बेळगावहून चालत गेली होती. गोवा मुक्त होऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती आणि तिचे वय होते बावीस. घाटात तेव्हा डांबरी सडक नव्हती, पायवाटेने उतरलो, असे ती आम्हां मुलांना सांगत असे. पायाला किती फोड आले होते तो आकडा मात्र दर वेळी वाढत असे.

बहीण तीन दिवस आधी आली. आम्ही तिच्यासाठी वही लिहून ठेवली होती: औषधांच्या वेळा, पेज किती पातळ, हवेच्या गादीचा पंप कसा चालवावा, कोणत्या तासाला कोणती कूस. तिने चार पाने वाचली, वही मिटली आणि म्हणाली, "दादा, ती माझीही आई आहे." हे आम्हांला रुचले नाही. तरीही ज्यांना असे जावयाचे असेल त्यांना आम्ही सांगू की, वही लिहावी, पण निदान दोन दिवस एकत्र राहून काम हातांनी दाखवावे. माणसाला कसे उचलावे, हे वहीत लिहिता येत नाही.

२८ नोव्हेंबरला पहाटे चार वाजता निघालो. शरद सरून हेमंत लागला होता. अंगावर शाल होती आणि हातात विजेरी. पुढे एकाच्या खांद्यावर लाकडी क्रूस आणि मागे पंचवीसतीस माणसे. बहुतेक बेळगाव आणि खानापूर भागांतील. बेळगाव, कारवार, सावंतवाडी, वेंगुर्ले अशा अनेक ठिकाणांहून ह्या दिवसांत असे जथे जुन्या गोव्याकडे चालू लागतात. २४ नोव्हेंबरला तेथे नोव्हेना सुरू होते आणि ३ डिसेंबरला सण असतो. आमची वाट पिरनवाडी, किणये, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, केरी, साखळी, डिचोली, नार्वे अशी. शंभराहून थोडे अधिक किलोमीटर भरतात.

किणयेच्या पुढे भाताची कापणी उरकून खळी सुरू झाली होती. एका खळ्यावरच्या म्हाताऱ्याने मळणी थांबवून विचारले, "वारी कुठं चालली?" आम्ही सांगितले. त्याने हात जोडले आणि नातवाला पाण्याचा तांब्या आणावयास पिटाळले. वाटेत चहा, केळी, एके ठिकाणी गरम भाकरी मिळाली. देणाऱ्यांनी आमचा धर्म विचारला नाही आणि आम्हीही त्यांचा विचारला नाही.

पहिल्या दिवसाचे तीस किलोमीटर अंगावर आले. परंतु त्याहून वेगळीच एक गोष्ट आम्हांला छळीत होती: हातांना काम नव्हते. पाच वर्षे ह्या हातांत चमचा, टॉवेल, बाटली असे काही ना काही असे. आता ते नुसते लोंबत होते. जपमाळ घेतली, पण मणी सरकविताना मनात हिशेब चालू: आता अकरा वाजले, आता डाव्या कुशीवर.

दुसरा मुक्काम कणकुंबीला. माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे जाऊन कृष्णेला मिळते. जवळच्याच डोंगरांत उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेची वाट धरते आणि मांडवी ह्या नावाने थेट जुन्या गोव्यापाशी येते. ह्याच पाण्यावरून राज्याराज्यांत वाद चालला आहे. लवादाने २०१८ साली निवाडा दिला तरी तो मिटलेला नाही. असो. त्या रात्री धुके इतके होते की पडवीतला दिवा अंगणापर्यंत पोहोचत नव्हता. आम्ही एक वाजता उठून बसलो. तीन वाजता पुन्हा. दुसऱ्या खेपेस आमचे दोन्ही हात शेजारी निजलेल्या इसमाच्या खांद्याखाली गेले होते. त्याची कूस आम्ही जवळजवळ बदललीच होती. तो बिचारा घाबरून उठला. कारण सांगितल्यावर म्हणाला, "बदला की, काय बिघडलं?" आणि खरोखरच दुसऱ्या कुशीवर वळून निजला.

आमच्या जथ्यात खानापूरकडील एक वयस्क बाई होत्या. शेतमजुरी करतात. त्यांचा मुलगा तीस वर्षांचा आहे, पण जन्मापासून त्याला स्वतःच्या हाताने जेवता येत नाही. ह्या पाच दिवसांपुरती त्यांची जाऊ त्याला सांभाळते. ही त्यांची अकरावी खेप. नवस आहे का, असे आम्ही विचारले.

"नवस कसला? पाच दिवस मला कोण हाक मारत नाही बघा, मास्तर. तेवढ्यासाठी येतो मी."

"आणि मुलाची आठवण येत नाही?"

"येते की. पण आठवण आली म्हणून उठावं लागत नाही."

एवढे बोलून त्या पुढे चालू लागल्या आणि आपल्या सुरात लितानी म्हणू लागल्या. घरातून बाहेर पडल्याचा जो सल आमच्या मनात होता, तो त्यांच्या बोलण्यात शोधूनही सापडला नाही. आम्हांला वाटते, अकरा वर्षांपूर्वी तो त्यांच्याही मनात असेल, आणि पुढे चालण्यात झिजून गेला असेल. परंतु हा आमचा तर्क. विचारण्याचे धैर्य झाले नाही.

तिसऱ्या दिवशी चोर्ल्याचा घाट. दोहों बाजूंना दाट रान, आणि वळणावळणावर मालमोटारी अंगावर आल्यासारख्या येतात. म्हणून रांगेने आणि रस्त्याच्या कडेने चालावे लागते. अंधारात चमकणारे पट्टे पाठीवर बांधलेले बरे. चढापेक्षा उतार गुडघ्यांना अधिक जाचतो हेही तेथेच कळले. कणकुंबी सोडल्यापासून मोबाइलला रेंज नव्हती. पहिला तासभर आम्ही दर पाच मिनिटांनी तो खिशातून काढून पाहिला. पुढे तो पिशवीत तळाशी टाकला, आणि खाली अंजुणे धरणाचे पाणी दिसू लागेपर्यंत, खरे सांगावयाचे तर, आम्ही आईला विसरलो होतो. किती वेळ? दोन तास असतील, अडीच असतील. पाच वर्षांत असे झाले नव्हते. लक्षात आले तेव्हा आम्ही रस्त्याच्या कठड्यावर बसलो. मागून येणाऱ्यांना वाटले, पाय मुरगळला.

केरीला रेंज आली आणि बहिणीचा निरोप मिळाला: "आईने आज वाटीभर पेज घेतली. खाट फिरवली आहे. काळजी नको, दादा."

आमच्या हातून आई कधी अर्ध्या वाटीवर जात नसे. निरोप वाचून आधी आनंद व्हावयास हवा होता. आधी झाला तो राग. खाट कोणी फिरवावयास सांगितली? आम्ही फोन केला. बहीण शांतपणे म्हणाली की, भिंत डाव्या बाजूला असल्यामुळे भरविणारा उजवीकडेच बसतो आणि घास लुळ्या बाजूच्या गालात जातो. तो तिला गिळता येत नाही. घास नेहमी चांगल्या बाजूने द्यावा. हे २०१७ साली इस्पितळातून घरी येताना नर्सबाईंनी आम्हांलाही बजावून सांगितले होते. प्रारंभी काही दिवस आम्ही ते पाळलेही. मग घराला रंग काढला तेव्हा खाट हलली, आणि ती तशीच राहिली. ती पावसाळ्यातली रात्र, ती वाटी, तो बाहेर टाकलेला घास, सारे केरीच्या त्या ओट्यावर आमच्यापुढे पुन्हा उभे राहिले. तिला गिळता येत नव्हते, म्हणून तिने टाकला होता.

त्या रात्री आम्ही जेवलो नाही. झोप मात्र लागली, आणि ती पहाटे क्रूसापुढची घंटा वाजली तेव्हाच मोडली.

पाचव्या दिवशी नार्व्याला पोहोचलो. शिवाजी महाराजांनी १६६८ साली जीर्णोद्धार केलेले सप्तकोटेश्वराचे देऊळ येथेच आहे. मूळ देवस्थान समोरच्या दिवाडी बेटावरचे. पोर्तुगीजांनी ते मोडले, हे आपणही विसरू नये. नार्व्याहून फेरीबोटीने दिवाडीला, बेट ओलांडून दुसऱ्या फेरीबोटीने जुन्या गोव्याला. पायी जाणाऱ्याला बोटीचे भाडे पडत नाही. दिवाडीच्या टेकडीवरच्या पिएदादे देवळापाशी आम्ही थोडे बसलो. नदीपलीकडे माडांतून चर्चचे शुभ्र मनोरे वर आलेले दिसत होते.

तेथे बसून संत फ्रान्सिस झेवियरांचा विचार वेगळ्याच अंगाने मनात आला. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले आणि राहावयास त्यांनी इस्पितळ निवडले. आजाऱ्यांचे कुमसार ऐकणे, त्यांना ख्रिस्तशरीर देणे, रविवारी शहराबाहेर कुष्ठरोग्यांसाठी मिस्सा अर्पण करणे, हे सारे त्यांनी त्याच वर्षीच्या २० सप्टेंबरच्या पत्रात लिहिले आहे. पण लवकरच ते दक्षिणेकडे, मोती वेचणाऱ्यांच्या किनाऱ्याकडे निघून गेले. आजारी तेथेच राहिले, आणि त्यांना पाणी पाजणारा दुसरा कोणीतरी असलाच पाहिजे. त्याच्याविषयी आम्ही कोणत्याही प्रवचनात ऐकलेले नाही. त्याहूनही मागे जावे, तर १५२५ साली फ्रान्सिस शिक्षणासाठी पॅरिसला गेले, आणि १५२९ साली नाव्हारात त्यांची आई मरण पावली तेव्हा ते पॅरिसलाच होते. ही हकिकत आम्ही पूर्वी वाचलेली होती. तेव्हा ती एक तारीख होती. तिच्या शेवटच्या दिवसांत उशाशी कोण बसले असेल, असा प्रश्न त्या दिवाडीच्या टेकडीवर प्रथमच पडला.

सणाच्या गर्दीचे वर्णन वाचकांनी पुष्कळ वेळा वाचले आहे, ते आम्ही पुन्हा करीत नाही. बॉं जेझूच्या महामंदिरात चांदीची पेटी उंचावर असते. खाली रांगेत क्षणभर थांबावयास मिळते, तेवढ्यात मागून धक्का येतो. मागण्यासाठी आम्ही बरेच काही ठरवून गेलो होतो. त्या क्षणी फक्त वाटीची गोष्ट सांगितली.

३ डिसेंबरच्या रात्री एस.टी.ने घरी पोहोचलो. पाच दिवसांची वाट बस चार तासांत उलगडते, ह्याचे थोडे वाईटच वाटले. आई जागी होती. आम्ही सवयीने उजवीकडे बसावयास गेलो, तर तेथे भिंत. वळसा घालून डावीकडे आलो. तिचा चालता हात पाच वर्षे भिंतीकडे होता. आता तो आमच्याकडे होता. तिने तो उचलला, आमच्या वाढलेल्या दाढीवरून फिरविला आणि बऱ्याच प्रयत्नाने म्हणाली, "पाय?"

आम्ही मोजे काढले आणि पाय खाटेच्या कडेवर ठेवले. ती एकेका फोडाला बोट लावून मोजू लागली. चार झाले. ती थांबली, आमच्या तोंडाकडे पाहिले आणि हाताचा पंजा दोनदा उघडून दाखविला. तिचे, १९६४ सालचे, दहा होते.